पाचवा पेला

१

ईरप्पाने कागदाची पुडी टेबलावर आपटली तेव्हा दवाखान्यात अकरा पेशंट बसले होते. अकराही जणांच्या गप्पा एकदम थांबल्या.

"यात काय घातलंय ते तुमच्या कंपाउंडरला विचारा, डॉक्टरीणबाई! आप्पांना सकाळपासून उलट्या चालल्यात. सगळं पिवळं दिसतंय म्हणतात. उठून बसवलं की डोळे फिरवतात. औषध देता का विष देता तुम्ही?"

डॉक्टर लीला मंगळवेढेकर यांना आरडाओरड्याचं भय नव्हतं. सोलापुरात बावीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. त्यांनी हातातल्या पोराच्या घशात बघणं पुरतं संपवलं, त्याच्या आईला मिठाच्या गुळण्या सांगितल्या, आणि मगच पिशवी उचलली.

"टांगा आहे का बाहेर? मग आधी चला. भांडण वाटेत करू."

पलीकडच्या खिडकीत कंपाउंडर कुंडलिक उभा होता. मोडनिंबचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. लीलाबाईंच्या वडलांच्या हाताखाली शिकलेला आणि पुढे दवाखान्याबरोबर वारशाने त्यांच्याकडे आलेला.  हातातली बरणी त्याने हळूच खाली ठेवली.

ईरप्पाचे वडील बसलिंगप्पा मास्तर बाळीवेशीत राहत. वय बासष्ट, निवृत्त मुख्याध्यापक. आषाढाच्या मध्यावर त्यांच्या पायांवर सूज आली आणि दोन पावलं चाललं की धाप लागू लागली. हृदय थकलं होतं. लीलाबाईंनी दोन गोळ्या सुरू केल्या. पांढऱ्या कागदातली हृदयाची, ती ठोके संथ आणि दमदार करते. निळ्या कागदातली पाण्याची, ती अंगातलं साचलेलं पाणी लघवीवाटे काढते. शिवाय तीन हुकूम सोडले : मीठ बंद, पहाटे जिना उतरणं बंद, आणि पाणी दिवसाला चार पेले, एक घोटही जास्त नाही. तीन आठवड्यांत माणूस हिंडाफिरायला लागेल अशी त्यांची खात्री होती.

आज तिसरा आठवडा संपत होता, आणि माडीवर मास्तर कुशीवर पडून ओकत होते. लीलाबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली. बुबुळाभोवतीचं पांढरं अगदी स्वच्छ होतं, म्हणजे कावीळ नव्हती.

"भिंत कशी दिसते, मास्तर?"

"हळद फासल्यासारखी," मास्तर पुटपुटले.

लीलाबाईंनी मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. अडतीस. ठोका येई, थांबे, विसरल्यासारखा पुन्हा येई. संथ नाडी, ओकाऱ्या आणि पिवळी दुनिया ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की डॉक्टर एकाच गोष्टीचं नाव घेतो. त्यांनी दिलेली हृदयाचीच गोळी. पण दिली त्याच्या दुपटीने पोटात गेलेली.

त्यांनी पांढरी पुडी उघडली. अठ्ठावीस दिल्या होत्या, रोज एक; त्या हिशेबाने आज सात गोळ्या उरायला हव्या होत्या. मोजल्या, तर बरोबर सात होत्या.

२

मास्तरांना इस्पितळात पोचवून लीलाबाई परत आल्या तेव्हा बाकांवर गर्दी कमी नव्हती, उलट वाढली होती. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"कुंडलिकराव, हृदयाच्या गोळ्यांची बरणी आणि नोंदवही आणा."

कुंडलिकने आणली. सगळ्यांच्या देखत लीलाबाईंनी बरणी कागदावर पालथी केली आणि एकेक गोळी बोटाने सरकवत मोजली. वहीतला आकडा आणि कागदावरचा आकडा एकच निघाला. त्यांना हायसं वाटलं. मान वर केली तेव्हा मात्र कुंडलिकचा चेहरा दिसला, आणि ते हायसं वाटणं पार विरून गेलं. बावीस वर्षांत त्यांनी त्याच्या हातचं कधी मोजून घेतलं नव्हतं.

"गोळ्या जुळल्या," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"जुळल्या की," कुंडलिक म्हणाला. त्याने कमरेची कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पर मास्तरांना काय झालं त्ये कळंस्तवर मी बरणीला हात लावणार न्हाय, बाई. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

तो टोपी घालून निघून गेला. लीलाबाईंनी गोळ्या स्वतः बरणीत भरल्या आणि किल्ली होती तिथेच राहू दिली.

इस्पितळात मास्तर आठ दिवस होते. हृदयाची गोळी बंद झाली, पाण्याची चालू राहिली, ती इस्पितळाच्या कपाटातली. चौथ्या दिवशी नाडी साठावर आली. आठव्या दिवशी ते टांग्यात बसून घरी आले आणि निळ्या पुडीतल्या, म्हणजे कुंडलिकने बांधलेल्या, पाण्याच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

पुढच्या सोमवारी दहा वाजता ईरप्पा पुन्हा दारात उभा होता. या वेळी तो ओरडला नाही, आणि तेच लीलाबाईंना जास्त झोंबलं.

"पुन्हा तेच. ओकाऱ्या, पिवळं, सगळं. हृदयाची गोळी बंद आहे, बाई. तुमच्या दवाखान्याची एकच पुडी घरात आहे, ती निळी. इस्पितळाची गोळी खाल्ली तर माणूस बरा, तुमची खाल्ली की आडवा. तुमच्या कुंडलिकने निळ्या कागदात पांढऱ्यातल्या गोळ्या बांधल्यात. मी पोलिसात अर्ज लिहून ठेवलाय. उद्या अकराला कचेरी उघडली की देतो."

ईरप्पा कलेक्टर कचेरीत कारकून होता. त्याने अर्ज लिहिला म्हणजे तो कलमांसकट लिहिला असणार. लीलाबाईंनी त्याचं म्हणणं मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. त्यात कुठे फट दिसेना.

३

या वेळी नाडी बेचाळीस होती. मास्तरांनी इस्पितळात जायला साफ नकार दिला.

"श्रावणात पुन्हा घर सोडणार नाही. एकदा सोडलं तेवढं पुरे."

"मग मी सांगेन ते सगळं ऐकायचं."

"पहिल्या दिवसापासून ऐकतोय की," म्हणत मास्तरांनी उशाखालून डायरी काढली. पानापानावर चार उभ्या रेघा होत्या, प्रत्येक पेल्याला एक. पाचवी रेघ कुठेही नव्हती. हा माणूस खोटं लिहिणं शक्य नव्हतं. त्याने पोटच्या पोराला, याच ईरप्पाला, चौथीत गणितात नापास केलं होतं आणि अख्ख्या बाळीवेशीला ते ठाऊक होतं.

तरीही लीलाबाईंनी अंगठा मास्तरांच्या नडगीवर दाबला तेव्हा कणकेत पडावा तसा खड्डा पडला. चार पेले पाणी, वर पाण्याची गोळी, आणि सूज मात्र होती तिथेच. एक तर गोळी खोटी होती, नाहीतर पाणी आणखी कुठून तरी पोटात जात होतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. ईरप्पाची बायको यशोदा चुलीपुढे बसली होती. माहेर वळसंगचं, लग्नाला पाच वर्षं झालेली. डोळे सुजलेले.

"माझ्यावर बी नजर ठेवाय लागल्यात," ती हळूच म्हणाली. "मीठ वगळून वेगळं शिजवतीया, ताट मीच वाढतीया. मग वहिमाला आनी कोन पाहिजे?"

"आज सकाळी काय वाढलंस?"

"आज काय वाढनार? सोमवार हाय की. श्रावण सोमवारी मामंजी सांजच्यापातुर कायबी तोंडात घालत न्हाईत."

लीलाबाई चुलीशेजारीच पाटावर बसल्या. "पहिला झटका आला तोही सोमवारच. त्या दिवशी?"

"तवाबी उपासच हुता."

"आणि ओकारी किती वाजता?"

"नवाच्या सुमाराला. पोटात अन्नाचा कण न्हवता, निस्तं पानी पडलं."

म्हणजे जो दिवस जेवणाचा नाही, त्याच दिवशी दुखणं जोरात. विष ताटातून येत असतं तर सोमवारीच नेमकं सुटायला हवं होतं. लीलाबाईंनी यशोदेच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं नाव माझ्यापुरतं पुसलं. रडू नकोस."

आता मास्तरांची विधवा बहीण राहिली. सिद्धम्मा अक्कलकोटकडची, भाऊ आजारी पडल्यापासून इथेच येऊन राहिलेली. रोज रात्री ती भावाला चौथ्या पेल्याच्या पाण्यात घेटुळीच्या पाल्याचा काढा करून द्यायची, आणि हे लीलाबाईंना आजच कळत होतं.

"डॉक्टरला सांगायचं नाही का असलं काही?"

"झाडपाल्याचं काय सांगायचं, बाई? सुजेला चांगलं असतंय, आमच्या आजीपासून चालत आलंय. अण्णाला मी काय वाईट देणार का?"

"आहे का उरलेला?"

सिद्धम्माने भांडं पुढे केलं. लीलाबाईंनी ते तोंडाला लावलं आणि अर्धा काढा तिथल्या तिथे पिऊन टाकला. यशोदेने तोंडावर हात ठेवला. चव अशी होती की पुढची दोन मिनिटं लीलाबाईंना बोलता येईना, पण घेटुळी ती घेटुळीच होती. शिवाय काढा रात्रीचा आणि ओकारी सकाळची.

त्या अंगणात उतरल्या. जिन्याखाली बांधलेल्या शेळीने त्यांच्या पिशवीतून डोकावणारा औषधाच्या चिठ्ठीचा कागद ओढला आणि डोळे मिटून चावायला घेतला. तिने जास्वंदीचं झाड बुंध्यापर्यंत ओरबाडलं होतं, जाईचा वेल संपवला होता. कोपऱ्यात एकटी कण्हेर तेवढी लालभडक फुलली होती.

निघण्याआधी लीलाबाईंनी सिद्धम्मा, यशोदा आणि खुद्द मास्तर अशा तिघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. आज उठल्यापासून ओकारी येईपर्यंत मास्तरांच्या तोंडात काय गेलं?

तिघांचंही उत्तर एकच. काही नाही.

"उद्या पहाटे मी येतेय," त्या ईरप्पाला म्हणाल्या. "अर्ज अकराला द्यायचाय ना? मग पहाट माझी. तोवर निळ्या पुडीतल्या गोळ्या माझ्याकडे द्या. आणि माझ्यासाठी घरात कुणी काही बदलायचं नाही."

४

संध्याकाळी दवाखान्यात लीलाबाईंची तारांबळ उडाली. पुड्या बांधायच्या, मिश्रण ढवळायचं, बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवायची, ही कामं कुंडलिक बोलता बोलता करी. त्यांच्या हातून पट्टी तिरकी बसे आणि पुडी सुटे. वडलांनी आपल्याला डॉक्टरी शिकवली, पण दवाखाना चालवायला मात्र त्यांनी कुंडलिकलाच शिकवलं, हे त्यांना त्या दिवशी नीट समजलं.

गुडघेदुखीची जुनी पेशंट दगडाबाई पुढे आली. तिने पुडी घेतली, उलटून पालटून पाहिली आणि विचारलं, "ही कुंडलिकनं बांधल्याली न्हवं ना?"

"नाही. का?"

"लोकं म्हंत्यात. आता खरं का खोटं देवाला ठावं, बाई, पर जिवाची भीती असती की."

याच दगडाबाईच्या पोराला हगवण लागली तेव्हा कुंडलिक तीन दिवस घरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी पाजत होता. लीलाबाईंना संताप आला. उद्या अर्ज गेला, फौजदार आला, तर पुढे काहीही निघो, या पेठेत कुंडलिकच्या हातची पुडी कुणी घेणार नव्हतं. कंपाउंडरकडे पदवी नसते, पाटी नसते. त्याच्याकडे फक्त हात असतो, आणि त्या हातावरचा विश्वास एकदा गेला की गेला.

शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मास्तरांची निळी पुडी उघडली. पाच गोळ्या होत्या. पाचही पाण्याच्याच दिसत होत्या. पण ईरप्पाला "दिसत होत्या" चाललं नसतं. त्यांनी एक उचलून पाण्याबरोबर गिळली.

तासाभरात गोळीने आपली जात दाखवली. पुढच्या दोन तासांत त्या आठ वेळा मागच्या अंगणात जाऊन आल्या, आणि आठव्या वेळी चिडण्याऐवजी हसतच परतल्या. शितावरून भाताची परीक्षा झाली होती. निळ्या पुडीत पाण्याचीच गोळी होती.

कुंडलिक सुटला होता. पण ते ठाऊक होतं एकट्या त्यांना. आणि सूज? गोळी इतकी खरी असेल तर चार पेल्यांवर जगणाऱ्या माणसाच्या पायात खड्डा पडेलच कसा?

म्हणजे पाणी येत होतं. पाचवा पेला कुठे तरी होता. आणि तो तिघांनाही दिसत नव्हता.

५

पहाटे साडेपाचला लीलाबाई माडीवर कोपऱ्यात बसल्या. ईरप्पा दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

मास्तरांनी माडीवरच बादलीत अंघोळ केली. आसनावर बसले, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. चाळीस वर्षांत ही पूजा एक दिवस चुकली नव्हती. इस्पितळाच्या खाटेवरही नाही. तिथे ते नळाचं पाणी आणि बेलाची पानं घेऊन पूजा करायचे, हे नर्सने लीलाबाईंना कौतुकाने सांगितलं होतं.

सिद्धम्माने ताटलीखाली झाकलेला तांब्याचा गडू आणून ठेवला. ताटली उचलली. आत पाण्यात कण्हेरीची लाल फुलं बुडून राहिली होती.

लीलाबाई सावरून बसल्या.

मास्तरांनी एकेक फूल निथळून लिंगावर वाहिलं. मग गडूतलं तेच पाणी हळूहळू लिंगावरून खालच्या वाटीत सोडलं. मोठी, काठापर्यंत भरलेली वाटी. हात जोडले, डोळे मिटले. लीलाबाईंनी आजवर कुणाच्या पूजेत तोंड घातलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडेपर्यंत वाट पाहिली. वाटी ओठांकडे निघाली तशी मात्र त्या उठल्या आणि त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं.

"तुमची पूजा झाली, मास्तर. आता मला उत्तर द्या. ही वाटी डायरीत कुठल्या रेघेत मोडते?"

मास्तर गोंधळले. "रेघ कसली? हे तीर्थ आहे."

"सगळं पिता?"

"पूर्वी तीन पळ्या घ्यायचो. आता..." म्हातारा पहिल्यांदाच शरमला. "चार पेल्यांत घसा सुकतो हो, बाई. तीर्थाला काय मोजायचं? ते पाणी थोडंच असतं!"

"सिद्धम्मा, ही फुलं पाण्यात कधी घातली?"

"काल तिन्हीसांजेला. अण्णा पहिलं पहाटे खाली जाऊन स्वतः तोडायचा, कोरडी ताटात आणायचा. तुम्ही जिना बंद केला की! मग मी आदल्या सांजेलाच तोडून मडीच्या पाण्यात ठेवते, सोवळ्यातल्या. ताजी राहतात."

"रोज किती?"

"रोज पाच. सोमवारी एकशे आठ."

 लीलाबाईंनी मास्तरांच्या हातातून वाटी घेतली आणि जपून खाली ठेवली.

"ईरप्पा, तुमच्या शेळीने जास्वंद खाल्ली, जाई खाल्ली, माझी चिठ्ठीसुद्धा खाल्ली. कण्हेरीला तिने तोंड का लावलं नाही?"

"कण्हेर विषारीच असते," ईरप्पा म्हणाला. "पण मूळ. फुलं तर देवाला..."

"मूळ, पान, फूल, सगळीच. आणि तिचं विष असं की नाडी संथ करतं, ओकवतं, दुनिया पिवळी दाखवतं. आमची हृदयाची गोळी करते अगदी तसंच, म्हणून मी फसले. फूल देवाला वाहिलं तर काही होत नाही, चाळीस वर्षं झालंच नाही. पण रात्रभर पाण्यात राहिलं की त्याचं विष पाण्यात उतरतं. पहिल्या वेळी गोळीचं आणि फुलाचं असं दोन्ही मिळून झालं. दुसऱ्या वेळी गोळी नव्हती, फूल एकटं पुरलं. इस्पितळात पूजा होती, पण नळाचं पाणी आणि बेल होता. म्हणून माणूस बरा झाला. सोमवारी दुखणं जोरात, कारण सोमवारी एकशे आठ फुलं आणि रिकामं पोट. पाय सुजलेले, कारण हा पाचवा पेला. मी विचारलं तोंडात काय गेलं, तर तुम्ही तिघांनीही काही नाही म्हणून सांगितलं, आणि तिघंही खरं बोललात. तीर्थ कुणी पाण्यात धरत नाही, अन्नातही धरत नाही."

सिद्धम्माने गडू दूर सारला. "म्हंजे मीच... माझ्या हातानं अण्णाला..."

"नाही," लीलाबाई म्हणाल्या. हे बोलणं त्यांना जड गेलं, पण त्या थांबल्या नाहीत. "जिना मी बंद केला. पाणी मी तोडलं. त्यानंतर घरातली सकाळ कशी बदलेल हे विचारायचं काम माझं होतं. मी हुकूम सोडले आणि निघून गेले. चूक शोधायला मी सगळ्यांची तोंडं बघत हिंडले, आणि ती माझ्याच चिठ्ठीवर लिहिलेली होती."

ईरप्पा मात्र कारकुनी सोडायला तयार नव्हता. "हे सगळं पटतंय, बाई. पण पुरावा?"

"येता सोमवार. पूजा होईल, एकशे आठ फुलंही वाहा, पण कोरडी. पाणी वेगळं, त्यात फक्त बेल. तीर्थ तीन पळ्या, आणि त्याची डायरीत अर्धी रेघ. मास्तर ओकले तर तुमचा अर्ज मी स्वतः पोलिसात नेऊन देईन."

"आणि नाही ओकले तर?"

"तर तुम्ही आरोप जिथे केलात, तिथेच येऊन मागे घ्यायचा."

६

तो सोमवार श्रावणातला शेवटचा. सकाळी अकराच्या सुमाराला दवाखाना गच्च भरला होता. कुंडलिक बाहेरच्या बाकावर पेशंटसारखा बसला होता. लीलाबाईंनी निरोप धाडला म्हणून आला होता, खिडकीआड मात्र गेला नव्हता. टेबलावरची किल्ली तिथेच होती.

ईरप्पा आला. बुशकोट नवा, चेहरा परीक्षेला बसलेल्या पोराचा.

"आप्पांची नाडी बासष्ट आहे," तो म्हणाला. "ओकारी नाही. आज भिंत पांढरी दिसते म्हणाले. पायात जोडा चढला." मग तो बाकाकडे वळला आणि आवाज मुद्दाम वर काढला, कारण मोठ्याने केलेला आरोप हळू मागे घेता येत नाही हे त्याला कळत होतं. "कुंडलिकमामा, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. गोळ्या तुमच्या बरोबर होत्या. लोकांसमोर बोललो होतो, लोकांसमोर माफी मागतो. बाईंनी पुन्हा हृदयाची गोळी सांगितलीय, अर्धी. ती तुमच्याच हातानं बांधून द्या."

बाकांवर कुजबुज झाली. दगडाबाईने गुडघा चोळत शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मी म्हनतच हुते."

लीलाबाई उभ्या राहिल्या. "चूक माझी होती, तीही ऐका. मास्तरांना अपाय झाला तो माझ्या हुकमामुळे. कुंडलिकरावांच्या पुडीत काही नव्हतं." मग त्या बाकाशी गेल्या, आणि पुढचं फक्त कुंडलिकलाच ऐकू जावं म्हणून खाली वाकल्या. "ईरप्पाने आळ घेतला तो रागात. मी बरणी मोजली ती पूर्ण भानावर असताना. बावीस वर्षांनी, चार लोकांत. त्याची माफी कशी मागू?"

कुंडलिकने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. 

"बाई, तुमी न मोजता म्हनला असता की माझा कुंडलिक असं करनार न्हाय, तर लोक काय म्हनले असते? बाईनं आपल्या मानसावर पांघरून घातलं. मग मी जलमभर झाकल्यालाच ऱ्हायलो असतो. तुमी मोजली, समद्यांम्होरं मोजली, म्हनून तर मला परत यायला तोंड हाय. रुसून नव्हतो बसलो. तुमी शोधनार ह्ये ठावं हुतं, तवर गप बसलो."

तो उठला. किल्ली घेऊन खिडकीआड गेला आणि पांढरा कागद फाडून ईरप्पाची पुडी बांधायला लागला. पुडीची चारही टोकं एका घडीत बसली.

लीलाबाईंनी पुढच्या पेशंटचा हात नाडी बघायला घेतला, पण त्यांना घड्याळातला काटा दिसेना. बावीस वर्षांत प्रथमच डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात रडू आलं. ते दगडाबाईने पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला सांगितलं.